तोटलाकोंड्यावरचा सत्कार

गुरुवार, ६ फेब्रुवारी. अंबरनाथ

रजा मंजूर झाली. हेडमास्तर दौलतराव म्हणाले, दहावीची हॉलतिकिटं तोंडावर आलीत आणि मॅडम फिरायला निघाल्या. मी म्हटलं, सर, मी नसले तरी मुलं तेवढीच नापास होतील. उल्हासनगर कॅम्प चारच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात आधी शिपाई बबन हसतो, मग बाकीच्यांना परवानगी मिळाल्यासारखं होतं. शेवटी दौलतरावही हसले आणि सही केली. माझी अर्धी कामं अशीच होतात. हसलेला माणूस सही करतो.

फिरायला म्हणजे विशाखापट्टणमला. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात, असं प्रमोद यूट्यूबवर बघून सांगतो. नवरा आहे म्हणून ऐकून घेते. मला डोंगराशी देणंघेणं नाही, समुद्राशीही नाही. तिथे माझा मुलगा आहे आणि दहा महिने तो माझ्याशी बोललेला नाही. त्याला फक्त रविवारची सुट्टी. म्हणजे माझ्या हातात एक दिवस. त्या एका दिवसात त्याला बोलतं करायचं आणि येत्या भीमजयंतीला घरी यायचं कबूल करून घ्यायचं. नाहीतर काय करायचं, ते मला माहीत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

काय झालं होतं ते एकदा लिहून टाकते. मनात फिरवून फिरवून त्याला धार येत चाललीय.

गेल्या एप्रिलात विहाराच्या पटांगणात जयंतीचा कार्यक्रम होता. सूत्रसंचालन माझं, अठरा वर्षं माझंच. गुणवंतांचा सत्कार सुरू होता. दहावी-बारावीची पोरं, एक मुलगी एमबीबीएसला लागलेली, एक तलाठी झालेला. शालींचं तबक धरायला कोणीतरी लागतं, म्हणून समोर बसलेल्या माझ्या मिलिंदला वर बोलावलं. राज्यसेवेच्या परीक्षेत तो पाचव्यांदा राहिला होता. ते अंबरनाथ पश्चिमेला सगळ्यांनाच माहीत होतं. मी माइकवर म्हटलं, "मंडळाने शाली यंदा आमच्या मिलिंदच्या हातात दिल्यात. खांद्यापर्यंत पोचायला अजून एक-दोन अटेम्प्ट लागतील."

पटांगण हसलं. मिलिंदही हसला. चौदा सत्कार होईपर्यंत तबक धरून उभा राहिला.

आपल्या घरावर बोललं की दुसऱ्याच्या घरावर बोलायचा परवाना मिळतो, एवढं साधं माझं गणित. त्यात वाईट हेतू नव्हता. नव्हताच.

पुढच्या काही दिवसांत त्याने पुस्तकं पालेगावच्या अभ्यासिकेला देऊन टाकली, मोटरसायकल चुलतभावाला आणि मनगटावरचं घड्याळ कोणाला ते कळलंच नाही. मी म्हटलं, घरात बोधिसत्त्व निपजलेत, दान पारमिता जोरात आहे, माझा मिक्सर तेवढा राहू द्या. मग एक दिवस मी शाळेतून आले तर बाप-लेक दोघं गायब. प्रमोद चार दिवसांनी एकटाच परतला. म्हणाला, भगवानच्या ओळखीने तिकडच्या औषधाच्या कारखान्यात लावून दिलाय, बीएस्सी केमिस्ट्री कामाला आली. भगवान म्हणजे प्रमोदबरोबर एमआयडीसीत बॉयलरवर असलेला जुना मित्र. आता विशाखापट्टणमला असतो. मिलिंद त्याच्याच घरी वरच्या खोलीत राहतो.

एका विनोदावरून माणूस तेराशे किलोमीटर जातो. माझ्या विनोदाची एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सासूबाईही येणार. डायरीत मी त्यांना गयाबाईच लिहिते. तोंडावर आई म्हणते, तेवढा संसार टिकवलाय. वय एक्याऐंशी. भगवानने त्यांना फोटो पाठवला: समुद्राकाठच्या डोंगरावर दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध विहाराचं स्थळ, तोटलाकोंडा. तेव्हापासून त्यांनी बॅग भरून दारात ठेवलीय. गुडघ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, "गुडघे माझे हायेत, त्यास्नी मी सांगते."

मी आज शाळेतून उल्हासनगरच्या बाजारात जाऊन शाल घेतली. दुकानदार सिंधी. त्याने विचारलं, "सत्कारवाला माल दूँ या पहननेवाला? सत्कारवाला पतला आता है, वो कोई ओढ़ता नहीं." अठरा वर्षं मी लोकांच्या खांद्यांवर काय टाकत आले ते असं कळलं. पहननेवाला घेतला. चांगला जाड, मरून रंगाचा.

बेत ठरवलाय. चूक सत्कारात झाली, तर दुरुस्तीही सत्कारातच व्हायला हवी. तोटलाकोंड्यावर, सगळ्यांसमोर, रीतसर. प्रमोदला सांगितलं. तो म्हणाला, "शाल दे. पण बोलू नकोस." सूत्रसंचालिकेला बोलू नकोस म्हणतो.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

प्रमोदने आज पुन्हा गॅलरीत जाऊन भगवानला फोन केला. रोज करतो. पहिला प्रश्न ठरलेला: "गोळी घेतली का त्याने?" बापाचं पित्त पोराकडे गेलंय. मी म्हटलं, एवढी काळजी माझ्या पित्ताची कधी केली नाहीत. तो म्हणाला, तुझं तू ओकून टाकतेस.

बोललाच तर असा बोलतो. दिवसभर दुसऱ्यांचं प्रेशर बघणारा माणूस.

आज ऑफिसात हॉलतिकिटांवर सह्या घेताना मला रडू आलं. बबनला सांगितलं, शाईची ॲलर्जी.

शनिवार, १५ फेब्रुवारी. विशाखापट्टणम

गाडी संध्याकाळी पोचली. स्टेशनवर भगवान पुढे, मिलिंद मागे. बारीक झालाय. दाढी ठेवलीय, ती त्याला शोभत नाही आणि हे मी बोलले नाही. आजीला मिठी मारली. बापाच्या हातातली बॅग घेतली. माझ्याकडे बघून म्हणाला, "जय भीम."

जय भीम आम्ही रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही म्हणतो. मीही जय भीम म्हटलं. दहा महिन्यांतलं आमचं संभाषण संपलं.

रविवार, १६ फेब्रुवारी. सकाळी सात

लॉजच्या खिडकीतून डोंगर दिसतो, त्यावर घरं चढलेली, आणि दोन इमारतींच्या फटीत समुद्र. दिवसभरासाठी गाडी ठरवलीय. कैलासगिरी, पाणबुडी, शेवटी तोटलाकोंडा. शाल पिशवीत. बाहेर एवढं गरम आहे की शालीने मुलाला घाम फुटेल.

हा एकच दिवस. जीभ सांभाळ, अस्मिता.

दुपारी दोन, बीचवरच्या हॉटेलात

बाकीचे हात धुताहेत तोवर लिहिते.

कैलासगिरीला रोपवेने गेलो. पाळण्यात चौघं. मिलिंद दाराकडे बसत होता, प्रमोदने त्याला उठवून मधे बसवलं. वर एवढाले पांढरेशुभ्र शंकर-पार्वती बसलेत. आख्खी जनता त्यांच्याबरोबर फोटो काढत होती. गयाबाई त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसल्या आणि शेंगा खाल्ल्या. म्हणाल्या, "त्यांचं त्यांना, आपलं आपल्याला." मिलिंद हसला. मी त्या हसण्याकडे बघत राहिले.

मग तो कठड्याशी गेला. तिथून खाली सगळं शहर आणि वळत गेलेला किनारा दिसतो. प्रमोद मागोमाग गेला आणि त्याने मागून पोराच्या शर्टाचं टोक मुठीत धरलं. छप्पन्न वर्षांचा बाप, सत्तावीस वर्षांचा मुलगा, आणि शर्ट धरून उभे, बालवाडीच्या सहलीसारखे. माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "सोडा त्याला, उडून नाही जायचा."

कोणी हसलं नाही. मिलिंद बापाला हळू म्हणाला, "पप्पा, ठीक आहे मी." प्रमोदने तरी सोडलं नाही. मी काढलेल्या फोटोत त्याची मूठ आलीय.

या दोघांचं काहीतरी आहे, जे मला सांगत नाहीत. मुलाला नऊ महिने पोटात मी वागवला आणि फितूर बापाला झाला.

पाणबुडीत मात्र बरं गेलं. किनाऱ्यावर आणून ठेवलेली खरी पाणबुडी, आतून बघता येते. मिलिंद आजीला सांगत होता, नाविक कुठे झोपायचे, एका बिछान्यावर पाळीपाळीने कसे. गयाबाई म्हणाल्या, "मंग आमची चाळ काय वेगळी व्हती?" तो सांगत राहिला. मी मागे उभी राहून ऐकत होते, दुसऱ्याच्या सहलीत घुसल्यासारखी. त्याचा आवाज एवढा वेळ सलग ऐकून किती दिवस झाले होते.

सकाळपासून सात विनोद गिळलेत. तो शर्टाचा निसटला, तेवढा एकच. संध्याकाळपर्यंत असंच जमलं तर जमलं.

संध्याकाळी साडेसहा. लॉज

क्रमाने लिहिते. क्रम सोडला तर लिहिता येणार नाही.

तोटलाकोंड्यावर गाडी बरीच वर जाते. पुढे थोडं चालायचं. वर विटांची आणि दगडांची जोती, भिक्षूंच्या खोल्यांच्या रेघोट्या, खडकात खोदलेली पाण्याची टाकी, मधे गोल स्तूप. खाली समुद्र. गयाबाई चप्पल काढून स्तूपासमोर बसल्या आणि त्यांनी त्रिशरण सुरू केलं. मिलिंद त्यांच्या शेजारी बसला. वाऱ्यात दोघांचे आवाज मिसळत होते. प्रमोद डोळे मिटून उभा. मला वाटलं, हीच वेळ.

शाल काढली. तिघांसमोर उभी राहिले, आणि एक तेलुगू जोडपं होतं, ते कुतूहलाने थांबलं. मी म्हटलं, उपस्थित बंधू-भगिनींनो. प्रमोदने मान हलवली, नको म्हणून. मी थांबले नाही. पाठ केलं होतं: हा सत्कार एका मेहनती मुलाचा, त्याच्या आईची चूक झाली, ती सर्वांसमोर मान्य करते. गाडीत दीड दिवस मनात घोकलेलं.

"मेहनती मुलाचा" इथपर्यंत बरोबर आले. पुढे तोंडातून निघालं, "ज्याच्या खांद्यापर्यंत शाल पोचायला अखेर आंध्र प्रदेश लागला."

हे मी ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. त्याचा चेहरा समोर होता, मला भीती वाटली, आणि ते आलं.

तेलुगू जोडप्याने टाळ्या वाजवल्या. मिलिंदने शाल खांद्यावर घालू दिली. मग काढली, नीट घडी केली, आजीच्या मांडीवर ठेवली, आणि टाक्यांच्या पलीकडे चालत गेला, जिथे डोंगर संपतो.

आणि प्रमोद धावला. जिने चढताना दोनदा थांबणारा माणूस, एक चप्पल निघाली ती तिथेच टाकून, "मिलिंद, मिलिंद" ओरडत. मला हसू आलं. लिहितेय, कारण आलं होतं.

मिलिंद कडेपर्यंत गेलाच नव्हता. रखवालदाराच्या खोलीमागच्या नळावर वाकून तोंड धूत होता. प्रमोदने त्याला मागून दोन्ही हातांनी धरलं आणि दोघंही तिथेच ओल्या मातीत बसले. प्रमोद रडत होता. मुलगा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "पाणी मारत होतो, पप्पा. फक्त पाणी."

मी जवळ जाऊन विचारलं, हे काय चाललंय. मागून गयाबाई म्हणाल्या, "अस्मे, गप. तुला ठावं नाय."

त्यांनाही ठाऊक होतं.

प्रमोदने सांगितलं, तिथेच, मातीत बसून. जयंतीनंतर अकराव्या दिवशी मिलिंद बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला एकटा गेला होता. परत यायचं नाही असं ठरवून. तिथून त्याने बापाला फोन केला: पप्पा, मला न्यायला या. प्रमोद पाळी अर्धी टाकून गेला. दोघं रस्त्याकडेला दिवस मावळेपर्यंत बसले. मग कल्याणचे डॉक्टर, गोळ्या. डॉक्टर म्हणाले, काही दिवस घरापासून लांब ठेवा, पण एकटा नको. म्हणून भगवान.

पुस्तकं, मोटरसायकल, घड्याळ. सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी मिक्सरवर बोलले होते. आणि त्या बारवीच्या संध्याकाळी दोघं घरी आले तेव्हा मी दारातच विचारलं होतं, काय, पिकनिक कशी झाली? मला आठवतं. दोघंही हसले होते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं.

प्रमोद म्हणाला, "तू घाबरली असतीस. आणि घाबरलीस की तू विनोद करतेस. तेवढं त्याला झेपलं नसतं."

मिलिंद खाली बघत होता. नाही म्हणाला नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी

जेवण जात नाही. गयाबाईंनी मला जवळ बसवून दहीभात भरवला. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांची नणंद अशीच गेली, विहिरीत. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं गेलं होतं की पाय घसरला. मी इतकी वर्षं त्या विहिरीच्या पायऱ्यांना शिव्या घालत आले.

माझा राग कोणावर आहे ते मला कळत नाही. प्रमोदवर आहे. दहा महिने तो एकटा हे घेऊन बॉयलरसमोर उभा राहिला आणि घरी येऊन माझे टोमणे ऐकत जेवला. त्याच्यावर रागावता येत नाही. मग उरतं कोण?

प्रमोदला विचारलं, डॉक्टरांनी आपण काय करायचं सांगितलंय. म्हणाला, त्याला सरळ विचारायचं. विचारल्याने मनात नसलेलं येत नाही, उलट माणसाला बरं वाटतं, असं डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्ही विचारता? प्रमोद म्हणाला, "माझ्याने होत नाही. मी गोळीचं विचारतो."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

परतीची गाडी उद्याची. मिलिंदला दुपारची पाळी. सकाळीच एकटी रिक्षा करून भगवानच्या घरी गेले. वरच्या खोलीत एक पलंग, एक खुर्ची, दोरीवर कारखान्याचे निळे कपडे. तो बूट पुसत होता. मला बघून उठला, खुर्ची दिली, पुन्हा बूट पुसायला बसला.

रस्ताभर मी वाक्य तयार केलं होतं. त्यात माफी होती, आठवणी होत्या, चांगलं बांधलेलं होतं. ते सोडून दिलं. चांगलं बांधलेलं माझ्या तोंडून आता कोणी घेऊ नये.

विचारलं, "मिलिंद, अजून मरावंसं वाटतं का तुला?"

त्याने ब्रश खाली ठेवला. भीतीने माझ्या तोंडात काहीतरी आलं होतं, एक चांगलं वाक्य, अगदी तयार. दात आवळून बसले. खाली भगवानच्या घरी कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली. मी बोलले नाही.

"रोज नाही," तो म्हणाला.

मी मान हलवली. मग तो बोलला. सगळं नाही, थोडं. त्या दिवशी तबक जड नव्हतं, पण खाली कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं, असं म्हणाला. माझ्यावर राग आहे, असंही म्हणाला. मी म्हटलं, असू दे. त्याने विचारलं, रडणार आहेस का. मी म्हटलं, हो. रडले. त्याने बूट घातले आणि कामाला गेला.

लॉजवर येऊन प्रमोदला सांगितलं, माझं एकटीचं तिकीट रद्द करा. त्याने का विचारलं नाही. आईला सांभाळून नेईन, एवढंच म्हणाला. दौलतरावांना रजा वाढवायचा अर्ज पाठवला. कारणाच्या जागी लिहिलं: मुलाजवळ राहणे. त्यांचा फोन आला, म्हणाले, मॅडम, तुमच्या अर्जात काहीतरी गंमत असते नेहमी. मी म्हटलं, नाही सर, एवढंच आहे.

शनिवार, २२ फेब्रुवारी

भगवानच्या बायकोने मला खालच्या खोलीत जागा दिलीय. मिलिंद माझ्याशी दिवसाला पाच-सहा वाक्यं बोलतो. त्यातली दोन मिठाबद्दल असतात. काल मी भीतीने पुन्हा काहीतरी बोलले, त्याच्या दाढीवर. तो उठून वर गेला. मी मागून गेले नाही. अर्ध्या तासाने जाऊन म्हटलं, चुकले. तो म्हणाला, माहीत आहे. आणि गोळी माझ्यासमोर घेतली.

जयंतीचं सूत्रसंचालन यंदा दुसऱ्या कोणाला द्या, असं मंडळाला कळवलं. त्यांना वाटलं, मी रुसले.

रविवार, २ मार्च

त्याची सुट्टी. ऋषिकोंड्याच्या किनाऱ्यावर जाऊन आलो, दोघंच. फोटो काढले नाहीत. परतताना घाटाच्या रस्त्यावर बस थांबली होती, तो खिडकीतून खाली बघत होता. मी पुन्हा तेच विचारलं.

"आज नाही," म्हणाला.

घरी आल्यावर भात लावला.